बेंगरूळ हात

अनू, नील, हे आताच लिहिते आहे, कारण परवा व्हिडिओ कॉलवर अनूने ओठाजवळचा पांढरा डाग हाताने झाकला. डॉक्टर सांगतात, कोड कधी कधी घराण्यातून येतं. म्हणजे कदाचित माझ्याकडूनच.

तुमच्या आईची हळद होती. अर्जुनी मोरगावचं घर, अंगणात मांडव. आमच्यात पहिली हळद नवरीची आई लावते. मी वाटी उचलली. माझ्या हातांवर तेव्हाही कोपरापर्यंत पांढरे डाग होते. थोरल्या जाऊबाईंनी ती काढून घेतली, माझ्या बोटांना न शिवता. घर, धानाची शेती, सगळा कारभार त्यांचा.

"तू कायले लावतेस वो? पोरगीबी बेंगरूळ निघंल."

बायका पदराआड हसल्या. तुमचे आजोबा खाली बघत उभे राहिले.

मी गोंदियाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. या शब्दाला नेमका इंग्रजी शब्द मला कधी सापडला नाही. कुरूप म्हणजे दिसायला वाईट. बेंगरूळ म्हणजे दिसायला वाईट, आणि वर आपल्यातलं नाही. गावात वेड्यावाकड्या भोपळ्यालाही बेंगरूळच म्हणतात. पण भोपळ्याला कोणी मांडवाबाहेर काढत नाही.

मी वाटी परत घेतली. म्हटलं, "पोरगी माझी आहे, बाई. हळद मीच लावणार." लावली. दोन्ही गालांना. कोणी गाणं म्हटलं नाही.

बातमी सासरी पोचली. तिथे तिची चुलतसासू न्हाणीच्या दाराशी उभी राहून, डाग उठलाय का म्हणून तिची मान, पाठ तपासायची. म्हणायची, "पाहू दे, आईची हळद उतरली का." कित्येक वर्षं. नकार मी दिला, शिक्षा माझ्या लेकीने भोगली. हे तिने मला परवा, तुमचा कॉल संपल्यावर सांगितलं. मग म्हणाली, "आई, अनूजवळ हा विषय काढू नको."

मी काढते आहे. तिचं ऐकत नाही, हाही अपराध माझाच.

अनू, तू सुंदर आहेस असं मी म्हणणार नाही. ते समजूत घालणं झालं. डाग वाढेलही. झाकावासा वाटला तर झाक, पण कोणाच्या धाकाने नको. कोणी मान तपासायला आलं, तर हात धरून बाजूला कर. मला लेकीला हे आधीच शिकवायला हवं होतं.

गावात तो शब्द अजून आहे. जाऊबाई आहेत. मीही आहे. प्रत्येक लग्नाला जाते, आखूड बाह्यांचं पोलकं घालून, आणि पुढच्या रांगेत बसते.