चपला न्यायला कुणी आलंच नाही तर

राजूरला गणपतीच्या वाटेवर माझं नारळ-प्रसादाचं दुकान आहे. आमच्याकडून पूजेचं ताट घेतलं की दर्शन होईपर्यंत चपला सांभाळायच्या आम्ही, फुकट. इतकी वर्षं मी माणसाचं तोंड बघून त्याची जोडी काढून देत आले. एकदाही चुकले नाही. बरं, एकदा चुकले. नवरदेव होता, जाऊ द्या.

मग माझ्या मुलीनं प्रोग्रामिंग शिकायला घेतलं.

शिकवणारं कुणी नव्हतं. बारावीतली पोर मोबाइलवर व्हिडिओ लावायची, एक वाक्य ऐकून थांबवायची आणि जुनाट लॅपटॉपवर बडवत बसायची. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. त्यामुळे दुकानातल्या एकुलत्या प्लगवर तिचा कब्जा आणि माझा पंखा बंद. काही बोलावं तर, "आई, थांब ना, एरर शोधून राह्यले." मी घामानं भिजले, एरर काही सापडेना.

मी तिचं नर्सिंग मनात पक्कं केलं होतं. तिला कॉम्प्युटरला जायचं होतं. रोजच्या भांडणाला कंटाळून एकदा मी नारळावर हात ठेवून जाहीर केलं, "चपला सांभाळणारं यंत्र करून दाखव. एक चतुर्थी बराबर चाललं तर कॉम्प्युटर. न्हाई तर नर्सिंग, अन् मंग तोंड उघडायचं न्हाई!"

मला वाटलं, सुटले.

"आई, कुणी एकच चप्पल घालून आलं तर?"

"एकच कशाला घालंल?"

"दुसरी एसटीत राह्यली समज."

"मंग एकच ठेव!"

"अन् नंबरचे बिल्ले देऊ, त्यांची दोघांत अदलाबदल झाली तर?"

भाजी चिरताना तेच, केस विंचरताना तेच. शेवटी मीच किंचाळले, "देवच चपला घालून आला तर?" तिनं तेही शांतपणे लिहून घेतलं.

चतुर्थी शनिवारी आली. जोडी मांडणीच्या खणात ठेवली की मोबाइलवर त्या खणाचा नंबर टाकायचा, गिऱ्हाइकाला त्याच नंबरचा बिल्ला द्यायचा, जोडी परत गेली की 'दिली' दाबायचं. सकाळी तिनं पहिल्या खणात माझीच जोडी ठेवून यंत्र चालवून बघितलं. दिवसभर मी चूक शोधत राहिले, यंत्र द्यायला तयार नव्हतं. सगळ्या जोड्या गेल्या की ते 'दिवस बंद' म्हणणार होतं.

चंद्र उगवला, वाट रिकामी झाली, पोटात उपास ओरडायला लागला. यंत्र काही 'दिवस बंद' म्हणेना. खणांत काही जोड्या तशाच.

"माझंच कुठंतरी चुकलंय," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडून बसली. वरून खाली, खालून वर. नाक ओढायला लागली. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे आई. नर्सिंगचा फॉर्म कधी निघतो?"

हेच तर मला हवं होतं! फक्त गप्प बसायचं होतं. आता गप्प बसणं हे माझ्या स्वभावात कधी होतं?

"अगं येडे, ते लोक येणार न्हाईत. मुद्दाम सोडून गेलेत."

"मुद्दाम?"

"शनिवार हाय आज. देवाच्या दारात चपला सोडल्या की मागची पीडा जाती म्हणतात. शनिवारच्या चतुर्थीला हे असतंच."

"अन् तू मला आज सांगते?"

"तू एसटीत राह्यलेल्या चपलेचं विचारलं. न्यायला कुणी आलंच न्हाई तर, हे कधी विचारलं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी काही पीडा मीच. डोळे पुसले आणि तिथंच लिहायला बसली. थोड्या वेळानं पडद्यावर 'दिली'च्या शेजारी नवं बटण आलं: 'पीडा गेली'. ते दाबायचा मान मला. मी खणामागून खण दाबत सुटले. यंत्र म्हणालं, 'दिवस बंद'.

मी ऐटीत शटर ओढलं आणि पाय खडीवर पडला. अनवाणी! पहिला खण. माझीच जोडी मी पीडेत घातली होती.

"हसू नको. उघड ते शटर."

शटर अर्धं वर गेलं आणि तिचा हात थांबला.

"आई, पीडा गेलेला माणूस चपला न्यायला परत आला तर?"

"कॉम्प्युटरचा फॉर्म भर," मी म्हणाले, "अन् जा एकदाची!"