वाळवंटातला बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. सोबत बडगे असतात. ज्याच्यावर लोकांचा राग, त्याचा कागद-बांबूचा पुतळा करायचा, गल्लोगल्ली फिरवायचा, ‘घेऊन जा गे मारबत’ असं ओरडायचं आणि शेवटी जाळायचा. आखातात नोकरीला होतो तेव्हाही आम्ही नागपूरकडची चार कुटुंबं पोळा करायचो. सण कोणत्याही वारी येवो, आमचा पोळा सुटीच्या शुक्रवारी.

अशाच एका पोळ्याला, जेवणं झाल्यावर, मी आमच्यातल्या सावनेरच्या मित्राला विश्वासानं सांगितलं होतं, की मी दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आलोय. आम्ही एकाच हिशेब खात्यात होतो. आठवड्याच्या आत ते साहेबाच्या कानावर गेलं. माझी ठरलेली बढती त्याला मिळाली.

“काहून सांगितलं गा?” मी विचारलं.

“अबे, साहेब काय परका आहे का? आपल्यातलाच माणूस आहे!” तो हसत म्हणाला.

पुढच्या पोळ्याला मी सगळ्यांना म्हटलं, यंदा बडग्या मी करतो. अर्धवट काम मला जमत नाही. खुर्चीवर टांगलेल्या त्याच्या कोटाची मापं मी टेपनं घेतली. छातीपेक्षा पोट चार इंच जास्त निघालं. तेवढंच भरलं, वर एक सूतही नाही. त्याच्यासारखा पट्ट्यांचा शर्ट घातला, दोरीला अडकवलेला चष्मा गळ्यात सोडला. छातीवर पाटी लावली: ‘ओठात एक, पोटात एक’. मला एवढंच हवं होतं, की चारचौघांत त्यानं स्वतःला ओळखावं आणि त्याचं तोंड उतरावं.

शहराबाहेर, जाळ करायची मुभा असलेल्या वाळवंटातल्या जागी आम्ही जमलो. पुतळा गाडीतून काढताच तो कोणाचा ते बाकीच्यांनी ओळखलं. आमच्याच कंपनीतल्या कुहीकडच्या मित्रानं तर हसू दाबायला तोंडात पुरणपोळीच कोंबली. मी मोबाइल सुरू केला. त्याचं तोंड उतरताना मला पुन्हा पुन्हा बघायचं होतं.

सावनेरचा मित्र पुढं आला. पुतळ्याभोवती फिरला. पोटावर थाप मारली.

“वा रे वा! हा तर आपला साहेब! पोट पाहा ना, शंभर टक्के साहेबाचं!”

माझं वर्षभराचं चित्त त्या पुतळ्यात होतं आणि याला काही कळलंच नाही. मी मोबाइल खाली घेणार होतो, पण तो थांबेना. काडी त्यानंच लावली. “कामचोर साहेबाले घेऊन जा गे मारबत! दोन तोंडाच्या सापाले घेऊन जा गे मारबत!” सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. आमचा साहेब इंदूरकडचा. मराठी त्याला चांगली समजायची. मी मोबाइल आणखी जवळ नेला.

जाळ विझल्यावर त्याच्या बायकोनं त्याला बाजूला नेलं. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. तो परतला तेव्हा घामानं निथळत होता.

“व्हिडिओ काढून राहिला होता का तू?”

“हो.”

“मिटवून टाक गा.”

“काहून? साहेब काय परका आहे का? आपल्यातलाच माणूस आहे.”

त्याचं तोंड उतरलं. अगदी मला हवं होतं तसं.

तो व्हिडिओ मी साहेबाला पाठवला नाही. पाठवला असता तर एका दिवसात प्रकरण संपलं असतं. आता मी नागपुरात परत आलोय आणि तो तिकडेच आहे. दर मारबतीला मी त्याला शुभेच्छा पाठवतो, सोबत त्या व्हिडिओचा सुरुवातीचा तुकडा, त्याची पुतळ्यावर थाप पडते तिथवरचा. लगेच जोडलेल्या हातांचं चित्र येतं आणि खाली एक ओळ, “मिटवला ना गा?” मी उत्तर देत नाही. बायको म्हणते, “आता सोडा की.”

यंदाही मिरवणुकीतल्या गर्दीत उभं राहूनच पाठवला. पाठवण्याआधी दरवर्षी मी कुहीकडच्या मित्राला फोन करून एक खात्री करून घेतो: साहेब अजून तोच आहे ना?