भट्टीवाला आणि सरांची पूड

आमच्या कॉलेजच्या रसायनशाळेतली भट्टी बिघडली की दुरुस्तीला जवळच्या नागापूरहून तो येतो. आधी भट्टीला शिवी देतो, मग हात लावतो. मी ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं, त्या सरांनाही तो सोडत नसे.

सर एका रेणूच्या पोकळीत दुसरा रेणू बसवत. अशा जोड्या आपोआप रांगेत लागतात. या जोड्यांची पूड सावकाश भाजली की केसाहून कितीतरी बारीक कार्बनचे तंतू उरतात. घाईने भाजली तर नुसता कोळसा.

"पाव्हन्याला घरात घ्यायचं आन् घरासकट जाळायचं. लई भारी पाहुणचार, सर!" तो म्हणे. सर हसत.

सर गेले. त्यांच्या हातची शेवटची पूड बाटलीत राहिली. मी ती सगळीच भाजायला निघाले, तेव्हा त्याने बाटली काढून घेतली.

"निम्मी ठिवा, मॅडम. भट्टीचा भरवसा न्हाई, माझा तर मुळीच न्हाई."

मग दिवसभर तो तापमानाच्या आकड्याकडे बघत, भट्टीला शिव्या देत स्टुलावर बसून राहिला. तंतू निघाले.

उरलेली पूड कपाटात आहे. परवा भट्टी नीट चालत असूनही तो आला. कपाट उघडून त्याने बाटली पाहिली.

"हाय न्हवं," म्हणाला, आणि जाता जाता भट्टीला उगाच एक शिवी देऊन गेला.