सुया टोचणाऱ्या बाईचा परवाना

सेवेत केलेले कित्येक तपास मी विसरलो. निवृत्तीनंतर केलेला एक मात्र अजून विसरता येत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला लेकीकडे होतो. चहाला आलेल्या एका मराठी शेजाऱ्याने खबर दिली: आपल्यातलीच एक बाई घरी लोकांना सुया टोचते, भिंतीवर परवाना नाही. रिकाम्या बसलेल्या पोलिसाला आणखी काय हवं? दुसऱ्याच दिवशी कंबरदुखीचा बहाणा करून मी तिच्या दारात उभा राहिलो.

बाई पस्तिशीची, पुण्याची. खोली लख्ख, सुया सीलबंद, वापरलेल्या टाकायला वेगळा डबा. हे सगळं मी पाहिलं आणि सोडून दिलं.

"परवाना कुठाय?"

"काका, इथे सरकारी नोंदणीच्या यादीत अ‍ॅक्युपंक्चर नाहीच, त्यामुळे आम्हाला परवाना लागत नाही. माझा कोर्स झालाय, इन्शुरन्स आहे. पेपर्स दाखवू का?"

"महाराष्ट्रात कौन्सिलची नोंदणी लागते. मला कायदा शिकवू नका."

तिचा आवाज बारीक झाला. घाबरलेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, हे मी शिपायांना जन्मभर सांगत आलो. त्या दिवशी मात्र मला ती भीती कबुलीच वाटली. संध्याकाळी मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्याविरुद्ध इशारा टाकला. खाली लिहिलं, निवृत्त पोलीस निरीक्षक.

सकाळी फिर्याद द्यायला ठाण्यात गेलो. काउंटरवरच्या तरुण गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, या कामाला आमच्याकडे सरकारी लायसन्सच नाही. मग ते नसणं गुन्हा कसा? शी इज ग्रँड." म्हणजे, तिचं सगळं ठीक आहे.

आधी चौकशी, मग बोभाटा, हा साधा क्रम मी उलटा केला होता. घरी येऊन ग्रुपवर माफी मागितली. दोघातिघांनी खाली पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं.

महिन्याभराने तिच्याकडे गेलो. उपचाराचं टेबल तिने विकलं होतं, तिथे नवऱ्याचं ऑफिस थाटलं होतं. तरीही तिने चहा दिला.

"मेसेज वाचला, काका. पण लोक म्हणतात, पोलीस बोलला म्हणजे काहीतरी असणारच. कोणी येत नाही आता."

तिला एक गोष्ट सांगायचा धीर झाला नाही, ती इथे लिहितो. इशाऱ्याखाली मी हुद्दा लिहिला होता. माफीखाली, लाजेने, नुसतं नाव लिहिलं.