कमरेभर पाण्यातली मामेबहीण

माझ्या मामेबहिणीला शोधायचं असेल तर घरी, शेतात किंवा कुणाच्या लग्नाच्या मांडवात वेळ घालवू नये. मोहाडीजवळच्या तिच्या गावच्या तलावात पाहावं. काठावर नव्हे, तलावात. कमरेभर पाण्यात उभी राहून ती पाण्याखालच्या वनस्पतींची जितक्या जिव्हाळ्याने विचारपूस करते, तितकी तिने माझी कधी केल्याचं आठवत नाही. माझ्याहून दोनच महिन्यांनी मोठी, पण हुकूम आजीसारखा. तलावाची खोली ती स्वतःच्या अंगावर मोजते आणि गावच्या ग्रुपवर रोज कळवते, ‘आज मांडीपर्यंत.’ मामी वैतागते, “इच्यासाठी नवरा पाहाचा तं तो बी पोहनारा पाहा लागन!”

उन्हाळे कडक होत गेले, तलाव लवकर आटू लागला आणि पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या मामाच्या जाळ्यात नुसता चिखल यायला लागला, तेव्हा हिने गावातल्या बायका जमवल्या. काठावर माजलेली बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली आणि चिला, चौरा अशा, मासोळ्यांना अंडी घालायला आसरा देणाऱ्या पाणवनस्पती लांबच्या तलावांतून आणून लावल्या. त्यातला चौरा एकदा आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, आंघोळीच्या बादलीत मुक्कामाला होता. सकाळी फॅक्टरीची बस गाठायची म्हणून बाबा बाथरूमच्या दारात टॉवेल गुंडाळून उभे. ही माझ्या आईला शांतपणे म्हणाली, “पाहुना हाये तो, आत्या. दोन दिवस तुमी नळाखाली आंघोळ करा.”

हवामानासाठी गावपातळीवर काम करणाऱ्या तरुणांचा गौरव होणार असल्याचं मला कळलं आणि तिच्या नावाने अर्ज मी भरला. चार माणसांत बोलणं मला जमत नाही, अर्ज भरणं जमतं. तलाव पाहायला तिघांची समिती येणार असं ठरलं. आदल्या दिवशी ही बायकांना घेऊन अड्याळकडे आणखी रोपं आणायला गेली, मी तिच्यासोबत. दुसऱ्या दिवशी सकाळी परतलो, तर तलाव आरशासारखा लख्ख! दोन वर्षं लावलेला सगळा चिला-चौरा उपसून तलावाच्या पाळीवर, बांधावर ढीग लावलेला, आणि ढिगाशेजारी मामा नवा सदरा घालून उभा.

“पाहुने येऊन राहिले, मंग घर साफ नाही कराचं काय?” तो म्हणाला. “थे गेले का परत लावून देऊ.”

ती ढिगाशी वाकून मुळं चाचपायला लागली. तेवढ्यात गाडी आली. उतरताच समितीतले एक साहेब खूश झाले, “वा! किती स्वच्छ तलाव!” मामाने तिला हळूच कोपर मारलं. नुसतं गप्प राहिलं की गौरव घरात येणार होता. माझा अर्ज, माझी बहीण. मलाही वाटलं, नको बोलूस.

“साहेब, हे माह्यं काम नाही,” ती म्हणाली. “माह्यं काम थे पाहा, ढिगात सुकून राहिलं.”

“असू द्या हो, फोटो इथेच छान येईल.”

“फोटो मंग काढजा. मुळं जित्ती हायेत तवरिक लावा लागते. पॅन्टी वर करा.”

समितीने एकमेकांकडे पाहिलं आणि खरोखरच पॅन्टी वर केल्या. बाई होत्या त्यांनी पदर खोचला. सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला तो मामा, नव्या सदऱ्यासकट. दुपारपर्यंत सगळे रोपं लावत राहिले.

निम्मा चौरा जगला नाही. गौरव मात्र मिळाला. भंडाऱ्यातल्या सभागृहात तिचं नाव पुकारलं, तेव्हा तिने मामाला हाताला धरून स्टेजवर ओढलं. तो मान खाली घालून उभा होता आणि ती त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होती. मी शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, “कोन लागते वो तुमची?” सांगण्यासारखं केवढं तरी होतं. मला एकच शब्द जमला. “बहीण,” मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की पुढच्या रांगेतल्या चार जणांनी वळून पाहिलं.