उजव्या दाराचा स्पीकर

ज्या वयात माणसं सकाळी चालायला जाण्यासाठी बूट घेतात, त्या वयात मी दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेतली. जपानी बनावटीची, पंचवीसेक वर्षांची, माझ्याआधी तीन मालकांनी वापरून सोडलेली. विम्याच्या कचेरीतून मी मुदतीआधी बाहेर पडलो होतो, मुलगा बंगळुरूला मार्गी लागला होता, आणि आपल्यालाही काहीतरी शोभतं हे सिद्ध करायची घाई होती. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीत गाडी पहिल्यांदा शिरली तेव्हा वॉचमनने काचेतून वाकून मलाच विचारलं, कोणाकडे जायचंय. बायको म्हणाली, लोक वानप्रस्थात वनात जातात, आमचे हे घोडबंदर रोडला जातात.

गाडीत कंपनीने बसवलेला मूळ स्टिरिओ अजून होता. कॅसेटची फट, हिरवे दिवे आणि डावा-उजवा आवाज तोलायचं एक गोल बटण. इंजिनापेक्षा मला त्याचाच अभिमान जास्त. मी ‘ओरिजिनल’ या शब्दाला भुलणारा माणूस आहे. समोरचा फक्त तेवढं म्हणाला तरी माझा हात खिशाकडे जातो. जपून ठेवलेल्या नाट्यसंगीताच्या कॅसेट माळ्यावरून खाली आल्या आणि रोज सकाळी मी वरसाव्याच्या खाडीपुलापर्यंत एक फेरी मारू लागलो. काम काही नसायचं. कामाशिवाय पेट्रोल जाळण्यातलं सुख बायकोला कधीच पटलं नाही, पण ती शेजारी बसून यायची.

सहाएक महिन्यांनी उजव्या दारातला आवाज बसला. पूर्ण गेला नाही. डावीकडून तबला खणखणीत यायचा आणि पेटी मात्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी वाजवतंय अशी वाटायची. बायको म्हणाली, मला तर दोन्हीकडचं नीट येतंय. मी म्हटलं, तुला गाण्यातलं काय कळतं? ती लग्नाआधी सहा वर्षं गाणं शिकली होती. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवायला शिकलो होतो, त्यामुळे अधिकार अर्थातच माझा. तिने मग दारावरची बेल, कुकरच्या शिट्ट्या आणि फोनवरचं माझं ‘काय? काय?’ असा सगळा पाढा वाचला आणि एकदा कान दाखवून या म्हणाली. मी म्हटलं, दोष यंत्रात आहे. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच ती म्हणाली.

मग वरसाव्याची ती सकाळ आली. पुलाकडे जाताना मी उजवीकडे सरकलो. एक कंटेनर त्याच बाजूने येत होता आणि, बायकोच्या सांगण्याप्रमाणे, बराच वेळ जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत होता. मला दिसला तेव्हा त्याचं चाक माझ्या खिडकीशी होतं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितोय. खाली वाकून त्याने माझ्या घराण्याचा जो उद्धार केला तो मात्र मला स्वच्छ ऐकू आला, कारण तोवर आम्ही पूर्ण थांबलो होतो आणि बायकोने स्टिरिओ बंद केला होता.

घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि तिने किल्लीसाठी माझ्यापुढे हात पसरला. मी किल्ली मुठीत धरून सांगितलं की स्टिरिओ एका बाजूने बोंबलतोय म्हणून लक्ष तिकडे गेलं. ती म्हणाली, ‘ठीक आहे. स्टिरिओत दोष निघाला तर गाडी तुमची. नाही निघाला तर यापुढे किल्ली माझी.’ तिचं लायसन्स माझ्यापेक्षा चार वर्षांनी जुनं आहे, हे तिने बोलून दाखवलं नाही. मी तावातावाने कबूल झालो. मला हवी होती ती एकच गोष्ट त्या गाडीत होती: उजवीकडची ती सीट. कचेरी गेल्यावर मी जिथे बसल्यावर कोणीतरी वाटायचो अशी तेवढीच जागा उरली होती.

पहिल्यांदा मी मेन रोडवरच्या चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या माणसाने माझा स्टिरिओ म्युझियमला द्या म्हणून सुचवलं आणि टॅबलेटएवढा पडदा दाखवला. त्यावर नकाशा दिसतो, मागचा कॅमेरा दिसतो, मोबाइलवरचे व्हिडिओही दिसतात. मी विचारलं, गाणं? तो म्हणाला, ‘अंकल, गाना भी बजता है.’ मला अंकल म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मी ओरिजिनल वस्तू देत नाही.

तिथून हाटकेशला. औद्योगिक गाळ्यांच्या ओळीत एक माझ्याच वयाचा कारागीर जुने रेडिओ, डेक, अॅम्प्लिफायर उघडून बसलेला असतो. डोळ्याला भिंग, हातात सोल्डरिंगची सळई, आणि गिऱ्हाइकाकडे बघायची बिलकूल सवय नाही. त्याने स्टिरिओ बाहेर काढला, उघडला आणि आतला कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा चिमट्याने उचलून दाखवला. वितळून त्याचं डांबर झालं होतं. कॅसेट अजून फिरत होती हेच नवल, म्हणाला. मी तो काळा गोळा कागदात बांधून घेतला. पुरावा.

नवा पट्टा बसला. दोन दिवसांनी गाडी घेऊन गेलो, स्टिरिओ जागेवर लागला, कॅसेट सुरू झाली. तबला खणखणीत, पेटी शेजारच्या बिल्डिंगमध्ये. मी तक्रार केली. त्याने तारा तपासल्या. मी पुन्हा तक्रार केली. त्याने दोन्ही दारांचे स्पीकर काढून डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे लावला. तरी पेटी तिथेच. मी त्याला ऐकवलं की पूर्वीचे कारागीर नुसता हात लावून दोष सांगायचे.

त्याने पहिल्यांदाच भिंग डोळ्यावरून काढलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘साहब, सीट पे उलटा बैठो.’

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. तर मी, माजी वरिष्ठ अधिकारी, हाटकेशच्या भर गल्लीत त्या बुटक्या गाडीच्या सीटवर गुडघे टेकून, पाठ टेकायच्या जागेला मिठी मारून, मागच्या काचेकडे तोंड करून बसलो. समोरच्या गाळ्यातली माणसं चहा घेऊन बाहेर आली. त्याने कॅसेट लावली. आणि पेटी वाजली. उजव्या दारातून, स्वच्छ, प्रत्येक पट्टी वेगळी. तबला मात्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला होता.

मी तसाच बसून राहिलो. गुडघे दुखत होते, पण सरळ बसलो असतो तर पेटी पुन्हा गेली असती. मला भीती वाटली. कंटेनरची वाटली नव्हती, तिथे वेळच मिळाला नव्हता. ही सावकाश वाटली.

‘सेट में कुछ नहीं है,’ एवढंच तो म्हणाला. मग हळूच पर्याय दिला: आत एक तार जोडतो, म्हणजे दोन्हीकडचं गाणं दोन्ही दारांतून येईल, तुम्हाला फरकच जाणवणार नाही. घरी काय सांगायचं ते सांगा. असं बरेच लोक करून घेतात का, मी विचारलं. तो पुन्हा भिंग लावून कामाला लागला.

परतताना मी विचार केला, आणि विचार वकिली निघाला. तीस वर्षं मी विम्याच्या अटींमधल्या फटी दाखवून लोकांचे दावे परत पाठवले होते. बायकोची अट काय होती? स्टिरिओत दोष निघाला तर. निघाला होता. कागदात बांधलेला होता. अटीत उजव्या दाराचा उल्लेखच नव्हता. हा दावा मी स्वतः एका दिवसात मंजूर केला असता.

घरी आलो. ती भाजी निवडत होती. मी पुडी तिच्यापुढे उघडली. तिने ते डांबर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘म्हणजे निघाला दोष.’ तिच्या चेहऱ्यावर मी जिंकल्याचा राग दिसायला हवा होता. तिथे सुटका दिसली. इतके दिवस जे ती म्हणत होती ते खोटं ठरल्याचा तिला आनंद झाला होता. त्या आनंदावर मला सही करता आली नाही.

मी म्हटलं, ‘हा पट्ट्याचा. उजवीकडचा माझा आहे.’ आणि किल्ली भाजीच्या ताटाशेजारी ठेवली.

कानाच्या डॉक्टरने पुढच्या आठवड्यात तेच सांगितलं, फक्त सरळ बसवून. नस कमजोर झालीय, आणखी आधी यायला हवं होतं, यंत्र लावून बघू. यंत्राची मागणी नोंदवली आहे. ते ओरिजिनल नसणार, त्याला इलाज नाही.

तोवर सकाळची फेरी ती मारते. गाडी माझ्यापेक्षा बरी चालवते. ती क्लच सोडताना गाडी हिसका देत नाही; तो हिसका मी गाडीचाच स्वभाव समजत होतो. मी डावीकडे बसतो. आणि इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी अटी ठरवताना दोघांच्याही डोक्यात नव्हती. मी चालवायचो तेव्हा ती माझ्या चांगल्या कानाशी असायची. आता ती वाईट कानाशी आहे. ती बोलते आणि मला अर्धं कळत नाही. म्हणून मी मान पूर्ण वळवतो आणि ती बोलत असेपर्यंत तिचे ओठ बघत राहतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली. इतक्या लक्षपूर्वक मी तिचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं.

परवा वरसाव्याच्या कोंडीत ती वैतागून म्हणाली, ‘अहो, समोर बघा. माझ्याकडे काय बघत बसलाय?’

मी ऐकू न आल्यासारखं केलं.