शेऱ्याचा रकाना

कॅनडात, मिल्टन गावातल्या आमच्या घरात फ्रिजवर तेव्हा तीन याद्या असायच्या. एक ग्रोसरीची, एक घरातल्या कामांची, आणि एक मुलीला शाळेतून कोण कधी आणणार याची. नवरा म्हणायचा, "आता चौथी कर, या तीन कुठे लावल्यात त्याची." मी मनावर घ्यायचे नाही. कॅनडात मला नोकरी मिळाली ती याद्यांच्याच जोरावर.

पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी नऊ वर्षं काढली होती. इकडे एटोबिकोत, विमानतळाजवळच्या एका बैठ्या इमारतीत, वन्यप्राण्यांवरच्या फिल्मचं एडिटिंग करणारी छोटी कंपनी होती. त्यांना कच्च्या चित्रणाची नोंद ठेवायला माणूस हवा होता. मुलाखतीत मी कोणता सुटा भाग कोणत्या कप्प्यात, हे कसं लिहून ठेवायचे ते दहा मिनिटं सांगितलं. सिंहांबद्दल कोणी काही विचारलं नाही.

आफ्रिकेतून टेपा यायच्या, प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या. टेप लावायची, बघायची आणि टाइप करत जायचं. पहिल्या रकान्यात टेपचा नंबर, मग मिनिट, मग प्राणी कोणता, काय करतोय, आणि सगळ्यात शेवटी शेरा. एडिटर ती यादी बघून हवा तो तुकडा काढायचा. तो न्यूफाउंडलंडचा, साठीला आलेला. तिकडच्या पद्धतीप्रमाणे दिसेल त्याला 'माय लव्ह' म्हणायचा. पहिल्या आठवड्यात मी दचकले. मग त्यानं कुरिअरवाल्या दाढीवाल्यालाही तसंच म्हटलेलं ऐकलं आणि निवांत झाले.

नियम त्यानं पहिल्याच दिवशी सांगितला. "दिसतं तेवढंच लिही, माय लव्ह. 'सिंह चिडला' असं नाही, 'सिंहानं दात दाखवले'. 'मेला' असं नाही, 'हलत नाही'. मेला का नाही ते मी ठरवीन."

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, एका हिवाळ्यात, साठ टेपांचा खोका आला. एक सिंहीण आणि तिची तीन पिल्लं. सुरुवातीलाच दोन परके नर, बहुधा भाऊ, कळपाच्या जुन्या नराला मारून हाकलून देतात. त्यानंतर काय होतं ते मला माहीत नव्हतं. एडिटरनं कॉफी ढवळत सांगितलं, "नवे नर आधीच्याची पिल्लं ठेवत नाहीत. तयार राहा."

आठव्या टेपमध्ये मी दोनदा तेच टाइप केलं. 'नर. तोंडात पिल्लू. पिल्लू हलत नाही.' दोन ओळींमध्ये सहा मिनिटांचं अंतर होतं.

तिसरं पिल्लू तोंडात धरून सिंहीण कळप सोडून गेली. पण एकट्या सिंहिणीची शिकार तिची राहत नाही. ती हरीण पाडायची, धापा टाकत बसायची, तोवर तरसं यायची. आधी दोन, मग आठ-दहा. ती थोडा वेळ गुरगुरायची आणि मग उठून बाजूला व्हायची. जुन्या सवयीनं मी कागदावर वेगळी नोंद ठेवली: शिकार पाच वेळा, पोटभर खायला मिळालं ते एकदा.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. शाळा सुटल्यावर सहापर्यंत मुलांना शाळेतच ठेवून घ्यायचे. मी चारशे एक नंबरच्या हायवेवरच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत ती बूट घालून दारात उभी असायची. गाडीत बसली की पहिला प्रश्न, "एनी सिंह टुडे?" ती इंग्रजीत विचारायची, मी मराठीत सांगायचे. तरस, कळप, शिकार हे शब्द तिला शनिवारच्या मराठी वर्गातून आले नाहीत, गाडीतून आले.

दोन पिल्लं गेली हे मी तिला सरळ सांगितलं होतं. आमच्या गल्लीपर्यंत ती खिडकीची काच पुसत राहिली. मग म्हणाली, "बट द थर्ड वन इज ओके?"

"आत्तापर्यंत आहे."

पुढे रोज तेच. "ओके आहे?" "आत्तापर्यंत आहे." मी पिल्लाला 'ते' म्हणायचे, मुलगी इंग्रजीत 'शी'. पंधरा दिवसांत मीही 'ती' म्हणायला लागले.

सत्ताविसाव्या टेपमध्ये एका तरसानं तिला कानाला धरलं. सिंहीण वेळेवर पोचली, पण डावा कान अर्धा गेला. मुलीनं त्याचं चित्र काढून फ्रिजवर, माझ्या ग्रोसरीच्या यादीवरच लावलं. मोठं डोकं, दीड कान, आणि कोपऱ्यात, माझं बघून, टेपचा नंबर: २७.

कच्च्या चित्रणात आवाजही असतो. चित्रण करणाऱ्या, त्यांच्या गाडीतल्या दोन माणसांचे श्वास, थर्मासचं झाकण, शिंक. पन्नासच्या पुढच्या एका टेपमध्ये पिल्लाच्या बरगड्या मोजता येत होत्या. थर्मासचं झाकण वाजलं. मग एक जण हळू म्हणाला, "मागे मांस आहे आपल्याकडे."

दुसरा म्हणाला, "नाही."

"थोडंसंच."

"तुला माहीत आहे, आपण मध्ये पडायचं नाही."

मी शेऱ्यात लिहिलं: 'गाडीतलं बोलणं. आवाज वापरू नये.'

आफ्रिकेत हे सगळं चार महिन्यांपूर्वीच होऊन गेलेलं होतं. पुढच्या टेपा माझ्या टेबलाखाली खोक्यात होत्या, हात घातला की मिळतील अशा. मुलगी म्हणायची, "आई, यू कॅन जस्ट लुक."

"क्रमानंच बघायच्या असतात."

"हू सेड?"

तसं कोणीच सांगितलेलं नव्हतं.

अठ्ठावन्नावी टेप मी एका मंगळवारी जेवायच्या सुट्टीआधी लावली. सिंहीण बाभळीखाली बसली होती, पिल्लू तिच्यापासून वीसेक पावलांवर. त्या दोन भावांपैकी एक समोरून येत होता. ती उठेल, पिल्लू उचलेल, म्हणून मी बोटं कीबोर्डवर तयार ठेवली. ती उठली. पिल्लाकडे बघितलं. मग नराच्या बाजूनं चालायला लागली, थोडं अंतर ठेवून, आणि नंतर अंतर न ठेवता. पिल्लू हाक मारत मागे निघालं, बसलं, पुन्हा निघालं, आडवं झालं. कॅमेरा तिथेच थांबला.

'पिल्लू आडवं. हलत नाही. चौदाव्या मिनिटापासून टेप संपेपर्यंत.'

सव्वीस मिनिटं गवत हलत होतं. मी सगळी बघितली, कारण शेवटच्या मिनिटाला काही हललं तर ते माझ्या यादीत असायला हवं होतं.

त्या दिवशी बर्फ पडत होता, उशीर झाला होता. गाडीत बसून मुलीनं पट्टा लावला. "एनी सिंह?"

"पुढे दिसली नाही ती," मी म्हणाले.

"नॉट सीन?"

"दिसली नाही."

दिसतं तेवढंच लिहायचं हा नियम तिला माहीत होता, मीच सांगितला होता. तिनं विचार केला आणि म्हणाली, "सो शी कुड बी एनीव्हेअर."

"हो."

ती दप्तरातून बिस्किटं काढून खायला लागली. मी काच साफ करायच्या निमित्तानं खाली उतरले. 'हलत नाही' आणि 'दिसली नाही', दोन्ही शेरे मी इतकी वर्षं लिहीत होते. एकाच्या जागी दुसरा मी आधी कधी घातला नव्हता.

वसंतात एडिटर माझ्या टेबलाशी आला. फिल्म दाखवणाऱ्या टीव्ही वाहिनीच्या लोकांना शेवट इतका वाईट नको होता. "पिल्लू एकटं, उंच गवतात, सकाळचा उजेड, कॅमेऱ्याकडे बघणारं. असं काही आहे, माय लव्ह?"

"पण ते तर अठ्ठावन्नमध्ये..."

"यादी वाचलीय मी तुझी." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माझ्याही हातात नाही ते."

मी यादी उघडली. टेप सोळा, एकविसावं मिनिट. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. असं काही नाही म्हणून सांगितलं असतं तर साठ टेपांतून त्याला ते कधी सापडलं नसतं. हे मला सुचलं ते घरी जाताना, हायवेवर. समोर यादी असताना कोणी काही मागितलं की माझा हात आधी चालतो.

फिल्म टीव्हीवर आली ती ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या एका रविवारी, संध्याकाळी सातला. नवऱ्यानं पॉपकॉर्न केलं. तो ही गोष्ट पहिल्यांदाच बघत होता आणि तरसांना शिव्या देत होता. मुलगी पांघरूण घेऊन जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. शेवटी सिंहीण नराबरोबर निघून गेली, गवत आलं, आणि गवतातून पिल्लानं मान वर काढली. निवेदक म्हणाला की एकटीनं का होईना, ती तगून राहिली.

"वाचली बघ तुझी," नवरा म्हणाला.

मुलगी उठून पडद्याजवळ गेली. पिल्लू अजून समोरच होतं, दोन्ही कान ताठ करून.

"आई," ती म्हणाली, "हर इअर गॉट बेटर?"

"बरं होतं असेल कधी कधी," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. "होतं ना?"

मी पॉपकॉर्नचं भांडं उचलून बाजूला ठेवलं. मुलीनं मलाच विचारलं,

"विच टेप?"

"सोळा."

तिनं मान वळवून स्वयंपाकघराकडे, फ्रिजकडे बघितलं. दीड कानाचं, कोपऱ्यात २७ लिहिलेलं चित्र इथूनही दिसत होतं. पडद्यावर नावं वर सरकायला लागली, त्यात माझंही कुठेतरी होतं. ती परत येऊन पांघरुणात शिरली आणि डोक्यावरून ओढून घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, काय झालं? वाचली ना ती?"

पांघरुणातून ती म्हणाली, "हो, बाबा."